लांडग्यासाठी सोडलेली खिंड

आमच्या मेंढवाड्याच्या भिंतीत नदीच्या बाजूने एक खिंड आहे. भिंत काळ्या दगडांची, चुन्यामातीशिवाय नुसती रचलेली, माणसाच्या डोक्याएवढी उंच. पैनगंगेकडच्या अंगाला मात्र ती एके ठिकाणी कमरेइतकी खाली येते. नवखा माणूस आला की हटकून विचारतो, दरसाल एवढी निगा राखता, मग ही पडझड का भरून घेत नाही? पूर्वी मी नीट समजावून सांगायचे. आता वयाने तिरसट झाले आहे. ती पडझड नाही, ते दार आहे, एवढंच सांगते आणि चहा ठेवायला आत जाते. आज वेळ आहे, म्हणून सगळंच लिहून काढते.

मी जन्माची भित्री. पालीला भिते, विजेला भिते, अंगावर येणाऱ्या मेंढ्याला तर फारच. पुसदकडच्या आमच्या गावी बाबांनी मेंढरं मोडून कापसाची शेती धरली होती, त्यामुळे धनगराची लेक असून मेंढरांशी माझा संबंध पांघरायच्या घोंगडीपुरता. पण बाबांच्या थोरल्या बहिणीने, माझ्या आत्याने, मला पाळण्यातच मागून ठेवलं होतं. आमचा मुलूख मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात माझं लग्न झालं आणि मी महागावच्या पुढे, नदीकाठच्या या वाड्यावर आले. लग्नाआधी मी आत्याला अगंतुगं करायचे. आता ती सासू, तेव्हा ‘तुमी’ म्हणायचं, असं आईने बजावून पाठवलं होतं. घरात माणसं तीनच, आत्या, माझे मालक आणि मी. सासरे लग्नाआधीच गेले होते.

वाडा कुणी बांधला हे कुणालाच नक्की ठाऊक नाही. आत्या सांगायची ते असं, की पूर्वी आपली माणसं मेंढरं घेऊन नदीच्या काठाकाठाने फिरायची. एका पावसाळ्यात पैनगंगेने सगळीकडून वाट अडवली आणि या एवढ्याशा उंचवट्यावर मेंढरं, माणसं, कुत्री, सगळी अडकून पडली. पाणी उतरलं तेव्हा एकही कोकरू गेलं नव्हतं. ज्या जागेने आपल्याला राखलं ती आपण राखायची, असं म्हणून त्यांनी नदीतले दगड वर ओढले. तेव्हापासून दरसाल पावसाळा सरला की ढासळलेले दगड पुन्हा बसवायचे. मोठे दगड पुरुषांनी उचलायचे, सांधीत चिपा बायकांनी ठोकायच्या. वाड्याचा दगड दुसरीकडे लावायचा नाही, चुलीलासुद्धा नाही. मी नवी असताना एक छान चपटा दगड चुलीला आणून लावला होता. आत्याने पेटत्या चुलीतून तो बाहेर काढला, गार होऊ दिला, परत भिंतीत नेऊन बसवला आणि त्या दिवशीच्या भाकरी आम्ही तिघांनी कच्च्याच खाल्ल्या.

आणि ती खिंड लांडग्यासाठी. “मेंढरं देवानं दोघाईले देल्ली,” आत्या म्हणायची. “राखाले धनगर अन् वाटा घ्याले लांडगा. भाऊच हाये थो आपला. भावाले भितीवरून उड्या माराले लावतं काय?” कुत्री भुंकायची, मालक ओरडायचे, पण कोकरू एकदा त्याच्या तोंडात गेलं की भिंतीबाहेर पाठलाग नाही, आणि त्याच्यावर काठी तर कधीच नाही. ज्या वाड्यावर लांडगा फिरकत नाही तिथे रोगराई येते, यावर तिचा पक्का विश्वास होता.

पहिल्याच हिवाळ्यात मी त्याला पाहिलं. सकाळी लेंड्या झाडायला गेले तर खिंडीत उभा. आमच्या कुत्र्याहून फार मोठा नव्हता. पण कुत्रा माणसाकडे बघतो तेव्हा त्याला काहीतरी हवं असतं. हा नुसताच बघत होता. मी खराटा टाकून पळाले ती थेट चुलीपाशी. आत्या हसून हसून बेजार झाली. “तुले नाई नेत थो,” ती म्हणाली. “तुया आंगावर मास तरी हाये काय?”

मग लेक झाली. तोवर माझी भीती माझ्यापुरती होती, आता ती लेकीच्या मागे रांगू लागली. पोर आजीची. खायला आजी, न्हायला आजी, निजायला आजीची कूस. आणि आजी दिवसभर वाड्यात, त्या खिंडीपासून हाकेच्या अंतरावर. मी मालकांच्या मागे भुणभुण लावली, की एवढी खिंड तेवढी भरून टाका. ते म्हणाले, “माय हाये तोवर नाई. थे मरन, पन दगड लावू देनार नाई.” गरीब माणसाचं शस्त्र म्हणजे हट्ट, आणि आमच्या घरी ते सगळं आत्याने एकटीने वापरून संपवलं होतं.

महाराष्ट्र झाला त्याच्या पुढच्या हिवाळ्यातली गोष्ट. तूर सोंगायला आली होती. दुपारी मेंढरं नदीवर पाणी पाजून मालकांनी वाड्यात बसवली आणि ते मीठ आणायला महागावला गेले. मी वाड्याला लागून असलेल्या आमच्या घराच्या दारात लेकीला घेऊन बसले होते. आत्या मेंढरांत होती, डाव्या खांद्यावरून घोंगडी, उजव्या हातात काठी.

कुत्री भुंकली नाहीत. माझ्या ध्यानात पहिल्यांदा आलं ते हेच. शेपट्या पोटाखाली घालून ती माझ्या पायांशी आली. मग खिंडीवरून लांडगा आत पडला. उडी मारून आला नाही, पडला, आणि उठून वाकडा वाकडा चालू लागला. भर उन्हात. तोंडाभोवती सगळं ओलं. मी लेकीला उचलून आत गेले, कडी लावली आणि फटीतून पाहत राहिले. 

तो एका मेंढीला चावला, तिला सोडून दुसरीला चावला, मग तिसरीला. खाल्लं कुणालाच नाही. मेंढरं भिंतीला जाऊन एकमेकांवर चढली. आणि माझी आत्या, देवा, ती त्याच्याकडे चालत गेली. वाकून तिने एक कोकरू त्याच्यापुढे सारलं. “घे बाप्पा,” ती म्हणाली, “तुया वाटा घे अन् जाय.” कोकराकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. त्याने आत्याचा डावा हात धरला. घोंगडीसकट धरला आणि झटके दिले. काठी तिच्या उजव्या हातात होती. तिने ती उचलली नाही. आजही डोळे मिटले की मला तो लांडगा दिसत नाही, ती खाली टेकलेली काठी दिसते.

शेवटी त्याने आपणच सोडलं, दोनदा भिंतीला धडकला आणि खिंड सापडल्यावर निघून गेला. मी कडी काढली तेव्हा आत्या घोंगडी झटकत होती. “आज भूक नव्हती त्याले,” ती म्हणाली.

“भूक नव्हती तं चावला कायले?” मी विचारलं. ती मेंढरांकडे वळली.

दुसऱ्या दिवशी नदीपलीकडच्या तांड्यातली एक म्हातारी आली, आत्याची जुनी मैत्रीण. तांड्यातल्या माणसांनी लांडगा कुऱ्हाडीने मारला होता, पण त्याआधी तो त्यांच्या बैलांना चावला होता. “बाई, थो पिसायलेला होता,” ती म्हणाली. “तुले तं नाई ना लागला?” आत्याने हात लुगड्याच्या पदराआड घेतला आणि बाभळीचा काटा लागला म्हणून सांगितलं. मी शेजारीच उभी होते. काल तो हात मीच हळद लावून बांधला होता. घोंगडीतून दोनच दात उतरले होते, पण दात ते दात.

आधी मेंढरांचं बघायला हवं होतं. कुणाला चावला आणि कुणाला नाही, हे लोकरीखाली दिसत नाही. ते पाहायचा एकच मार्ग, सगळा कळप कातरणे. लोकर आम्ही होळीनंतर कातरतो, भाऊबंद बोलावून, कातरीची पूजा करून, गोडधोड करून. त्या हिवाळ्यात ना पूजा झाली, ना कुणाला बोलावणं गेलं. मालक मेंढी पाडायचे आणि कातरायचे, मी उघड्या पडलेल्या कातडीवरून हात फिरवायचे. बोटांना फडकी गुंडाळली होती तरी हात पुढे जायचा नाही. प्रत्येक मेंढीला वाटायचं, हिला नसू दे. जखम सापडली की ती वाड्याच्या कोपऱ्यात, काट्यांच्या कुंपणापलीकडे. थंडीने कुडकुडणारी उघडी मेंढरं बघून आत्याला रडू येत होतं. स्वतःच्या हाताचं मात्र नाव नाही.

मालक म्हणाले, चावलेली सगळी आजच मारून पुरून टाकू. आत्या आडवी आली. चावलेलं सगळंच पिसाळत नाही, वाट पाहू, म्हणाली. मग मी म्हटलं, मेंढरांचं राहू द्या, तुमी दवाखान्यात चला.

“कायले?”

“सुया घ्याले.”

“अन् सांगू काय थ्या डाक्टरले? का लांडग्यानं मले मारलं म्हून? पिढ्यान्पिढ्या वाटा देल्ला, अन् मी त्याच्यावर फिर्याद करू?”

लोक म्हणत, पिसाळलेलं चावलं तर सात विहिरींत डोकावून यावं. माझं तोंड बंद व्हावं म्हणून आत्या तेवढं करून आली. “पाह्यल्या विहिरी, झालं,” म्हणाली आणि भाकरी थापायला बसली. तिच्या लेखी विषय मिटला होता. माझ्या लेखी सुरू झाला होता.

पिसाळलेल्याला पाणी सोसत नाही, एवढं मला माहीत होतं. रोज सकाळी मी आत्याच्या हातात पाण्याचा तांब्या द्यायचे आणि चुलीत फुंकर घालायचं सोंग करत तिच्या गळ्याकडे बघत राहायचे. घोट उतरला की माझा जीव भांड्यात पडायचा. दुपारपर्यंत तो पुन्हा वर चढायचा. तिला ठसका लागला की माझ्या हातातलं भांडं सुटायचं. ती पोरीवर रागावली तरी वाटायचं, हा तिचा राग की त्याचा? माणसाला भ्यायचं म्हणजे काय, ते मला त्या दिवसांत कळलं. लांडग्याला भिणं सोपं, तो येतो आणि जातो. इथे जिच्या मांडीवर मी लहानपणी खेळले तिचीच मला भीती वाटत होती.

मग मी लेकीला आजीजवळ निजू देईनाशी झाले. आधी थंडीचं निमित्त केलं, मग खोकल्याचं. माझं चुकलं असं मला आजही वाटत नाही. कोणतीही आई हेच करील. पण आत्या काही दुधखुळी नव्हती. तिसरं निमित्त करायची वेळच तिने येऊ दिली नाही. एका सकाळी तिने आपली वाकळ आणि थाळी उचलली आणि ती काट्यांच्या कुंपणापलीकडे, चावलेल्या मेंढरांत जाऊन बसली.

“तिकडं काहून चालल्या?” मी विचारलं.

“चावलेल्याईची जागा हेच हाये ना,” ती म्हणाली. रागाने नाही, कुणी तुरीचा भाव सांगावा तसं. मालकांनी हात जोडले, मी पाया पडले. ती हलली नाही. आम्ही कुंपणावरून भाकरी द्यायचो आणि ती घ्यायची.

काही आठवडे असे गेले. मग कुंपणाआतली एक मेंढी बिघडली. आधी नुसती दात खात उभी राहायची. मग तिचा आवाज बसला, तोंडातून लाळ गळू लागली, आणि एके सकाळी ती भिंतीला डोकं मारू लागली. एकाच जागी, पुन्हा पुन्हा, कपाळ फुटलं तरी. आत्या दुसऱ्या कोपऱ्यात पाठ टेकून बसली होती. मालकांनी आत जाऊन ती मेंढी संपवली आणि दूर खड्ड्यात पुरली. दुसऱ्या दिवशी दुसरी लागली.

त्या दुपारी मी भाकरी द्यायला गेले तर आत्या कुंपणाला धरून उभी होती. बाभळीचे काटे तिच्या तळहातांत रुतत होते आणि तिला त्याची शुद्ध नव्हती.

“पोरी,” ती म्हणाली, “मले भेव लागून राह्यलं.”

आत्याच्या तोंडून हा शब्द मी कधी ऐकला नव्हता. आजवर मी भ्यायचं आणि तिने हसायचं, असा आमच्या घराचा रिवाज होता. आता हसायला कुणी उरलंच नाही.

“सकायपासून म्या पानी नाई पेलं,” ती म्हणाली. “पेऊन पाहाचं भेव वाटते. नाई उतरलं तं?”

मी आत गेले, तांब्या भरून आणला आणि कुंपणाचे काटे बाजूला सारून तिच्यापाशी गेले. “पे,” मी म्हटलं. आईने शिकवलेलं ‘तुमी’ तिथेच गळालं. “मी हाये इथं. पे, आत्या.” तिने डोळे घट्ट मिटून तांब्या तोंडाला लावला. अर्धं पाणी हनुवटीवरून लुगड्यात गेलं. अर्धं उतरलं. आम्ही दोघी तिथेच लेंड्यांत बसून रडलो.

योग असा, की अवेळी कातरलेल्या लोकरीची बातमी पुसदला गेली होती आणि ती घ्यायला तिथला एक मुसलमान व्यापारी त्याच दिवशी ट्रक घेऊन आला. वर्षानुवर्षं आमची लोकर नेणारा माणूस, मालकांना भाई म्हणायचा. त्याने सगळं ऐकलं आणि लोकर न चढवताच गाडी वळवली. “पुसदले सुई भेटन का नाई भरोसा नाई,” तो म्हणाला. “सिधा यवतमायले जाऊ. माय, तू समोर बैस.” लेकीला मालकांपाशी ठेवून मी आत्याशेजारी बसले. ती वाटभर माझा हात धरून होती.

यवतमाळच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी आधी रागावून घेतलं. इतका उशीर का, ते त्यांनी मला विचारलं. मी काय सांगणार? लांडगा आमचा भाऊ लागतो म्हणून? मग त्यांनी विचारलं, चावला तेव्हा हातावर काही होतं का. घोंगडी होती म्हटल्यावर त्यांचा चेहरा थोडा निवळला. जाड लोकरीने लाळ पुसली गेली असेल, तर आशा आहे, म्हणाले. नसेल तर पावसाळा लागेपर्यंत कधीही काहीही होऊ शकतं. ती मोठाली इंजेक्शनं रोज पोटात द्यायचे. आत्याने हूं की चूं केलं नाही. सुई दिसली की मीच भिंतीकडे तोंड करायचे. रोज सुई झाली की ती नळावर जायची, पाणी प्यायची आणि मागे वळून माझ्याकडे बघायची.

खिंडीचं काय झालं तेही इथेच सांगते. आम्ही यवतमाळला असताना मालकांनी ती दगडांनी बुजवून टाकली होती. मी मनातून नारळ फोडला. आत्याने परत आल्यावर दोन दिवस त्या भिंतीकडे पाहिलं आणि मग म्हणाली, “उघडा थे. पिसायलेला एक होता. बाकीच्याईनं काय केलं?” मी भांडले. आयुष्यात पहिल्यांदा तिच्याशी तोंडातोंडी भांडले. अखेर तह झाला तो असा, की खिंड राहील, पण लेकरू वाड्यात असेल तेव्हा खिंडीवर बाभळीच्या काटेरी फांद्यांचा फास ओढलेला असेल. आता लांडगे येत नाहीत. मेंढरंही थोडीच आहेत. भिंत मात्र आम्ही दरसाल नीट करतो आणि खिंड कमरेइतकीच ठेवतो. तो तह मोडायचा मला अधिकार नाही, आणि मोडावासाही वाटत नाही.

पण आम्ही परत आलो त्या दिवसाचं सांगायचं राहिलं. त्याच व्यापाऱ्याच्या ट्रकमधून उतरलो तेव्हा मालक लेकीला घेऊन दारात उभे होते. कुंपणाआतली आणखी काही मेंढरं मेली होती, उरलेली कुंपणातच होती. लेकीने आजीला पाहिलं आणि ती बापाच्या हातून सुटून धावत आली. आत्या मागे सरकली. तिने दोन्ही हात पाठीमागे घेतले.

“नोको माय,” ती म्हणाली. “आखीन नोको. दूर राह्य.”

पोर थबकली. तिने ओठ काढले आणि माझ्याकडे पाहिलं. मालकांनीही माझ्याकडेच पाहिलं. त्यानंतर आत्या पुष्कळ वर्षं जगली, नातजावई बघून गेली. पण हे मला आज माहीत आहे. त्या दिवशी मला एवढंच माहीत होतं, की पावसाळा अजून लांब आहे आणि डॉक्टरांनी शब्द दिलेला नाही.

मी आत्याला ओट्यावर बसवलं. पोरीला उचललं. मी तिला आत्याच्या मांडीवर बसवलं. आत्या हात पाठीमागचे काढीना, मान हलवत राहिली. मग मी तिची मनगटं धरली, हात पुढे ओढले आणि पोरीभोवती घातले, आणि ते सुटू नयेत म्हणून तसेच धरून बसले.